घेऊन जा गे मारबत! मीमचा साचा येतो कुठून आणि पसरतो कसा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी-महालाच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एकीकडून काळी मारबत निघते, दुसरीकडून पिवळी, आणि दोघींच्या मागेपुढे बडगे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मारबत म्हणजे बांबू, कागद, माती यांची भलीमोठी बाई. गावातली इडा-पिडा स्वतःवर घेऊन ती वाजतगाजत जाते आणि शेवटी जळते. काळी १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. बडग्या हा तिच्यासोबतचा पुरुषी पुतळा. त्याच्या गळ्यात पाटी असते आणि त्या वर्षी लोकांना ज्याचा वैताग आला असेल ते त्या पाटीवर असतं. कधी महागाई, कधी खड्डे, कधी भ्रष्टाचार. ओळीचा शेवट मात्र ठरलेला: ‘घेऊन जा गे मारबत!’

माझा पुतण्या इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गर्दीत फोन डोक्यावर धरून तो शूटिंग करत होता. मध्येच वळून म्हणाला, “काका, हे तं मीमच होय ना! वरती फोटो, खाली लाइन. फोटो तोच ऱ्हायते, लाइन बदलते.”

पोरगं बरोबर बोललं होतं. मीमवर लिहायचं म्हणून मी महिनाभर कागद काळे करत होतो आणि सुरुवात सापडत नव्हती. ती अशी इतवारीत, ढोलताशाच्या आवाजात सापडली.

आधी शब्दाचं बघू. आमच्या पिढीतले बरेच जण अजून त्याला ‘मेमे’ म्हणतात, बकरीने हाक मारावी तसं. उच्चार ‘मीम’. आणि हा शब्द इंटरनेटवर जन्मलेलाच नाही. रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने तो १९७६ साली जनुकांवरच्या आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात घडवला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक मुळावरून ‘मिमीम’ असा शब्द होत होता, तो ‘जीन’शी यमक जुळावं म्हणून त्याने कापून आखूड केला. त्याचं म्हणणं साधं होतं. जनुकं एका शरीरातून दुसऱ्या शरीरात स्वतःच्या नकला पाठवतात, तशा काही गोष्टी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात. त्याने उदाहरणं दिली ती गाण्याच्या चालींची, लोकांच्या तोंडी बसलेल्या वाक्यांची, कपड्यांच्या फॅशनची, मडकी घडवण्याच्या आणि कमानी बांधण्याच्या पद्धतींची. विनोदाचा त्यात संबंधच नव्हता.

त्या अर्थाने पाहिलं तर आपले तर्री-पोहे हे अस्सल मीम आहे. कुणाच्या मालकीचे नाहीत, कुठे लिहून ठेवलेले नाहीत. एका ठेल्यावर पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतली गेली, ती शेजारच्याने पाहिली, त्याने त्यात आपलं काहीतरी घातलं, आणि आता या शहरात सकाळी कोरडे पोहे मागणाऱ्याकडे लोक पाहुणा आलाय अशा नजरेने बघतात.

नकल टिकायची तर तीन गोष्टी लागतात, असं डॉकिन्स म्हणतो. ती बराच काळ जिवंत राहिली पाहिजे, तिच्या भराभर आणि भरपूर प्रती निघाल्या पाहिजेत, आणि प्रत मूळासारखी उतरली पाहिजे. तिसऱ्या अटीवर इंटरनेटच्या मीमने मात्र गंमत केली आहे. इथे लोक प्रत मुद्दाम बिघडवतात, आणि बिघडवता येते म्हणूनच ती पसरते. २०१३ साली डॉकिन्सनेही हे सांगितलं की जनुकातले बदल आपोआप होतात, इंटरनेटवरच्या मीममधले बदल माणसं ठरवून करतात.

हा शब्द इंटरनेटवर रुजवणाऱ्यांत माइक गॉडविन हा अमेरिकी वकील होता. ऑनलाइन भांडणांत कोणीही कोणालाही हिटलर म्हणतो याचा त्याला उबग आला होता. १९९०मध्ये त्याने नेटवर एक ‘नियम’ सोडला: चर्चा जितकी लांबेल तितकी कोणीतरी हिटलरचं नाव काढण्याची शक्यता वाढत जाते. हे त्याने प्रयोग म्हणून केलं होतं, एक कल्पना, म्हणजे डॉकिन्सच्या अर्थाने एक मीम, मुद्दाम पेरून ती उगवते का ते पाहायला. उगवली. आज तो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि भांडणं होती तशीच आहेत.

तर मग पसरतं नेमकं काय? चित्र? विनोद? माझं उत्तर पुतण्याच्या वाक्यात आहे: लाइन बदलते. पसरतो तो साचा, आणि साच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात सोडलेली रिकामी जागा.

रस्त्यात प्रेयसीचा हात धरून चाललेला तरुण मान वळवून दुसऱ्याच मुलीकडे बघतोय, हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. आंतोनियो गियेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने तो २०१५मध्ये जाहिरातवाल्यांना विकण्यासाठी काढला होता. दोन वर्षं तो इतर हजारो विकाऊ फोटोंसारखा पडून होता. २०१७मध्ये कोणीतरी तिघांच्या अंगावर नावं लिहिली आणि फोटोला पाय फुटले. तीन माणसं म्हणजे तीन रिकाम्या जागा. मी, माझा अभ्यास, आणि मॅच. मी, डॉक्टरांनी दिलेलं पथ्य, आणि सावजी मटण. एवढं कळलं की तुम्हालाही तो बनवता येतो. चांगल्या विनोदावर आपण हसतो आणि पुढे जातो. चांगला साचा मात्र हात शिवशिवायला लावतो.

‘घेऊन जा गे मारबत’मध्ये नेमकी हीच सोय आहे. जुनी आरोळी ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’. रोगराईच्या जागी काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता तोंडी बसलेली वाक्यं. मराठीत गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त चाललेलं वाक्य आमच्याच शहराच्या आमदाराचं आहे. ‘मी पुन्हा येईन.’ २०१९च्या निवडणुकीआधी, विधानसभेच्या शेवटच्या अधिवेशनात, देवेंद्र फडणवीसांनी ते कवितेच्या ढंगाने पुन्हा पुन्हा म्हटलं आणि मग प्रचारातही ते चाललं. तेव्हा ते निव्वळ आत्मविश्वासाचं वाक्य होतं. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, युती तुटली. २३ नोव्हेंबरला पहाटे-सकाळी शपथविधी, २६ला राजीनामा. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोनमध्ये हे वाक्य होतं, पण बोलणारे बदलले होते. एटीकेटी लागलेला विद्यार्थी परीक्षा हॉलला सांगत होता, मी पुन्हा येईन. डेंग्यूचा डास म्हणत होता, परतीचा पाऊस म्हणत होता, कांद्याचा भाव म्हणत होता. पुढे करोनाच्या लाटा आल्या तेव्हा तर ते वाक्य जणू त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं.

का चाललं ते? वाक्य तपासून बघा. तीन शब्द. त्यात माणसाचं नाव नाही, तारीख नाही, कुठे येणार ते नाही, कशासाठी ते नाही. ‘मी’ ही मराठीतली सगळ्यात मोठी रिकामी जागा आहे. ‘आमचं सरकार प्रचंड बहुमताने परत सत्तेत येईल’ हेच त्या ठिकाणी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं असतं आणि रद्दीत गेलं असतं.

त्या वाक्याचं पुढे जे झालं ते जास्त मजेशीर. चिडवायला वापरलं जाणारं वाक्य २०२२मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले तेव्हा समर्थकांनी उचललं, आणि ५ डिसेंबर २०२४ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा तर अभिमानाने बॅनरवर चढवलं. शब्द तेच, रोख उलटा. तोंडी बसलेल्या वाक्याचा मालक नसतो. आज तुम्ही ज्याला त्याने टोचताय, उद्या तोच ते फेट्यात तुऱ्यासारखं खोचू शकतो.

दुसरं उदाहरण आवाजाचं. जून २०२२. शिवसेनेतले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते आणि सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर आलं: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!’ आणि सगळं कसं, तर ‘एकदम ओक्के’. राज्यात सरकार राहतंय की जातंय अशी वेळ, आणि माणूस झाडीचं कौतुक करतोय. ही विसंगती हसवायला पुरेशी होती. पण नुसत्या विसंगतीने वाक्य जिभेवर बसत नाही. इथे ठेका आहे. ‘काय’चा तीनदा ठोका, आणि मग समेवर येणारं ‘ओक्के’. ‘डोंगर’ आणि ‘हॉटेल’ असं शुद्ध म्हणून पाहा, वाक्यातला जीवच जातो. ‘डोंगार’मधला लांबलेला आकार आणि ‘हाटील’ यांच्यामुळे ते ऐकताक्षणी माणूस डोळ्यापुढे उभा राहतो. आमच्याकडे ‘भैताड’ म्हटलं की जे होतं तेच. ‘मूर्ख’ म्हणण्यात ते नाही.

जगभर असं दिसतं की जरा वाकडं, अनोळखी किंवा चक्क चुकलेलं वाक्य जास्त चिकटतं. एका जपानी व्हिडिओ गेमच्या इंग्रजी भाषांतराचे तीनतेरा वाजले होते. ‘तुमचे सगळे तळ आमच्या ताब्यात’ असं काहीसं म्हणायचं होतं आणि निघालं ‘ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस’. २०००-२००१च्या सुमाराला या मोडक्या वाक्याने अख्खं इंग्रजी इंटरनेट हसवलं. नीट भाषांतर झालं असतं तर त्या गेमचं नावही कोणाला आठवलं नसतं.

आणि ‘ओक्के’वरून आठवलं, विषय थोडा सोडतो. ‘ओके’ हा शब्दच मुळात एक जुनं मीम आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं लिहायची खोड लागली होती. ‘ऑल करेक्ट’ हे ‘ओल कोरेक्ट’ असं लिहायचं आणि त्याचं ओ. के. करायचं, असला पोरकट विनोद. २३ मार्च १८३९च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापलेलं सापडतं. त्या काळची अशी इतर लघुरूपं मेली. हे वाचलं, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरनच्या समर्थकांनी त्याच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावासाठी तीच दोन अक्षरं वापरली. ब्यूरन हरला, ओके जिंकलं, आणि एकशेऐंशी वर्षांनी गुवाहाटीतल्या त्या फोनमध्ये जाऊन बसलं.

साचा आणि ठेका झाला. तिसरी गोष्ट वेळेची, आणि तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुन्हा नागपूरचंच. सप्टेंबर २०१९. ७ तारखेच्या पहाटे चांद्रयान-२च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला. देश हळहळत होता. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून वाहतुकीच्या दंडाच्या नव्या, जबर रकमा देशातल्या बऱ्याच राज्यांत लागू झाल्या होत्या आणि चौकाचौकात लोक चलानाच्या धाकाने हेल्मेट घालायला लागले होते. ९ तारखेला नागपूर शहर पोलिसांनी इंग्रजीत एक ट्वीट केलं. आशय असा: प्रिय विक्रम, कृपया उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान फाडणार नाही.

एका ओळीत दोन गोष्टी एकमेकींना धडकल्या आणि ‘सिग्नल’ हा शब्द दोन्हींना लागू पडला. ऐकणाऱ्याला काहीच समजावून सांगावं लागलं नाही, कारण दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात आधीच तापलेल्या होत्या. हेच ट्वीट ऑगस्टमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ‘कोण विक्रम?’ मीमचा अर्धा भाग मीममध्ये नसतोच, तो वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा मीम आज बघितला तर रिकाम्या मांडवासारखा वाटतो.

आता पसरण्याचं गणित. हे रोगराईच्या साथीसारखंच चालतं. समजा एक क्लिप १०० जणांनी पाहिली. त्यातले बहुतेक जण काहीच करत नाहीत, काही जण पुढे ढकलतात. सरासरी काढली तर प्रत्येक माणूस ती किती नव्या माणसांपर्यंत पोचवतो, एवढा एकच आकडा बघायचा. तो ०.९ असेल तर पहिल्या फेरीत ९० नवे लोक, दुसऱ्या फेरीत ८१, आणि विसाव्या फेरीत जेमतेम १२. क्लिप मेली. तोच आकडा १.१ असेल तर विसाव्या फेरीत ६७३, आणि चाळिसाव्या फेरीत साडेचार हजार, त्या एका फेरीतले. ०.९ आणि १.१मध्ये फरक केवढा? चिमूटभर. एखादा शब्द जास्त चपखल, एखादा सेकंद कमी लांबी, आवाज बंद असतानाही कळेल अशी खालची ओळ. म्हणून दोन सारख्याच क्लिपांमधली एक देशभर जाते आणि दुसरी भावकीच्या ग्रुपवरच विझते, आणि बनवणाऱ्यालाही कळत नाही का ते.

भावकीच्या ग्रुपवर विझते, हे मी सहज म्हटलं नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर चाळीस जण आहेत आणि ते चाळीस जण लग्नाकार्यात, दुसऱ्या तीन ग्रुपांवर एकमेकांनाच भेटतात. तिथे टाकलेली गोष्ट गोल गोल फिरते. बाहेर नेतो तो दूरच्या ओळखीचा माणूस: जुन्या नोकरीतला सहकारी, मुलीच्या क्लासमधल्या मैत्रिणीची आई, गाव सोडून गेलेली बहीण. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्येच हे मांडलं होतं. नवी बातमी, नवी संधी आपल्याला जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. मीम या कच्च्या धाग्यांवरून प्रवास करतो.

या प्रवासाला इंटरनेट लागतंच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५चा गुरुवार आठवतो का? गणपती दूध पितोय. सकाळी उत्तरेत सुरू झालेली ती गोष्ट त्याच दिवशी देशभर आणि परदेशातल्या मंदिरांतही पोचली. साधन काय होतं? घरचे काळे फोन, एसटीडी बूथ आणि शेजारीण. त्याही आधी पोस्टकार्डं यायची: अमुक देवीचं हे पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा, लाभ होईल, फाडून टाकाल तर अनर्थ. आमच्या आजीने ती मुकाट लिहिली होती, आजोबांच्या शिव्या खात. त्या पत्रात देवी कमी आणि ‘पुढे पाठवा’ जास्त होतं. नकल काढण्याचा हुकूम मजकुरातच शिवलेला. आजचं ‘ग्रुपवर पाठवा, डिलीट करू नका’ हे त्याचंच नातवंड.

बदललं ते भाडं. पोस्टकार्डाला पैसे आणि बोटं दोन्ही झिजायची. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि पुढे पाठवण्याची किंमत अंगठ्याच्या एका हालचालीवर आली. किंमत शून्य झाली की काय पाठवावं याचा विचारही शून्यावर येतो. हे नेहमीच हसण्यावारी नेण्याजोगं नसतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठार मारलं. अफवा आणि मीम यांचा पसरण्याचा रस्ता एकच. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२०मध्ये, फार फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. फॉरवर्ड बंद कोणी केलं नव्हतं, फक्त अंगठ्याला जरा जास्त काम दिलं. वरच्या गणितात १.१चा आकडा एकच्या खाली आणायला तेवढं पुरतं.

कोणती भावना अंगठा हलवते, हेही लोकांनी मोजलं आहे. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे ७,००० लेखांतले कोणते जास्त पाठवले गेले ते तपासलं आणि २०१२मध्ये छापलं. आश्चर्य, राग आणि धास्ती वाटायला लावणारे लेख जास्त फिरले, नुसतं उदास करणारे कमी. आश्चर्य किंवा राग माणसाला उठून बसवतो. उदास माणूस फोन उपडा ठेवतो.

नागपूरकरांना याचं प्रात्यक्षिक २०२४च्या मे अखेरीस मिळालं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, अंगाची लाही होत होती, आणि शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. छप्पन्न! पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडला असल्याचं स्पष्ट केलं. पण तोवर आकडा देशभर गेला होता. पंचेचाळीसला आमच्याकडे कोणी मान वर करत नाही, पण छप्पन्नमध्ये आश्चर्य होतं, धास्ती होती आणि ‘आमच्या नागपूरसारखं ऊन कुठेच नाही’ हा गुपचूप अभिमानही होता. खुलाशात यातलं काहीच नव्हतं. ‘यंत्र बिघडलं होतं’ हे वाक्य कोण कोणाला पाठवतं? त्या वेळी खुलासा मला ज्या ग्रुपवर दिसला तिथे त्याच्यावर एकच प्रतिक्रिया होती: अंगठा, तोही टाकणाऱ्याच्या बायकोचा.

हातवारेही पसरतात. नागपूरच्या सदर भागातल्या डॉली चायवाल्याची चहा उंचावरून सोडायची आणि सुटे पैसे हातात ठेवायची ऐट आधी आसपासच्यांनी पाहिली, मग रील्सनी, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये बिल गेट्सने त्याच्या हातचा चहा घेतानाचा व्हिडिओ टाकला. समोरचा परदेशी पाहुणा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं डॉलीने नंतर सांगितलं. मला या गोष्टीत गेट्सपेक्षा ती लकब महत्त्वाची वाटते. तिच्यात शब्द नाहीत, त्यामुळे भाषांतर लागत नाही. कोणीही किटली उचलावी आणि करून बघावी.

ज्याला मीम व्हायचंच नव्हतं त्याची गोष्ट वेगळी. कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने २००२मध्ये काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचं शूटिंग केलं आणि कॅसेट शाळेत ठेवली. वर्गमित्रांनी ती पुढच्या वर्षी नेटवर चढवली. जग हसलं, मुलाला शाळेत जाणं अशक्य झालं, प्रकरण कोर्टात गेलं. साच्यातल्या रिकाम्या जागेत आपण हवं ते भरतो, पण साचा कधीकधी जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा असतो, आणि त्याला तो उतरवून ठेवता येत नाही.

नकल होताना गोष्ट बदलते कशी, यावर फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं जुनं काम आहे, १९३२मध्ये पुस्तकरूपाने आलेलं. त्याने इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ती कानगोष्टींच्या खेळासारखी एकाकडून दुसऱ्याकडे सांगायला लावली. गोष्ट आखूड होत गेली ते सोडा, पण जे अनोळखी होतं ते ओळखीचं होत गेलं. होडगं होतं त्याची साधी नाव झाली, सीलची शिकार होती तिची मासेमारी झाली. सांगणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात जी खुंटी होती तिच्यावर त्यांनी गोष्ट टांगली. २०२३मध्ये भारतभर ‘मोये मोये’ वाजलं तेव्हा हेच झालं. मूळ सर्बियन गाण्यातले शब्द ‘मोये मोरे’, म्हणजे माझी दुःस्वप्नं. ‘मोरे’ आपल्याकडे आडनाव आहे, पण बहुतेकांच्या कानांना ‘मोये मोये’ जास्त गोड लागलं आणि तेच टिकलं.

मारबतीच्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने सकाळच्या शूटिंगमधला पिवळ्या मारबतीचा फोटो काढला आणि त्यावर लिहिलं, ‘पाच मिनटात येऊन राहिलो म्हणणाऱ्याले घेऊन जा गे मारबत’. घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. त्याच्या पुण्याच्या आत्यानेही, म्हणजे माझ्या बहिणीनेही, हसून तो कुठेतरी पुढे पाठवला.

तिसऱ्या दिवशी गणपती आले. दुपारी आरती आटोपून मी मोदक खात बसलो होतो आणि ग्रुपवर बहिणीचाच मेसेज आला. तिला तो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला होता. पिवळ्या मारबतीच्या जागी शाडूचा गणपती, वर फुलांची नक्षी, कोपऱ्यात कुठल्यातरी पेजचा शिक्का, आणि खाली शुद्ध मराठीत: ‘पाच मिनिटांत येतो म्हणणाऱ्यांना घेऊन जा रे बाप्पा!’ त्याखाली बहिणीने लिहिलं होतं, “बघा, पुण्यात काय काय सुचतं एकेकाला!”

पुतण्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. “काका, हे तं माहंच होय!”

“मग सांग ना तिला.”

त्याने टाइप करायला घेतलं, मग थांबला, आणि पुसलं. ग्रुपवर तोवर अकरा जण हसून झाले होते, त्यातले नऊ तेच, जे तीन दिवसांपूर्वी त्याच्या मारबतीवर हसले होते.